चालल्याने हॉर्मोन्स 'बॅलन्स' होतात म्हणजे नक्की काय होतं? विशीपासून सत्तरीपर्यंत, स्टेप बाय स्टेप

रील उघडलं की कोणीतरी सांगतच असतं, हा व्यायाम करा टेस्टोस्टेरॉन वाढेल, तो करू नका कॉर्टिसॉल (ताणाचं हॉर्मोन) वाढेल, उपाशीपोटी पळा ग्रोथ हॉर्मोन वाढेल. यातलं बरंचसं अर्धवट खरं असतं आणि तीच गोची आहे, कारण व्यायाम करताना हॉर्मोन्स वर जातात हे खरंच, अॅड्रिनलिन जातं, ग्रोथ हॉर्मोन जातं, जोर लावला तर कॉर्टिसॉलही जातं, पण थोड्या वेळाने सगळं परत जागेवर येतं. त्या तेवढ्या उसळीने ना पोट उतरत ना दंड फुगत.

नियमित एरोबिक व्यायामाने, म्हणजे भरभर चालणं, जॉगिंग, सायकल, पोहणं, झुंबा, जे काय दम लागेल असं सलग करता ते, खरा बदल होतो तो असा की तेवढ्याच कामाला शरीराला कमी हॉर्मोन पुरतं. त्याच दोन पोळ्यांची साखर रक्तातून पेशींत न्यायला इन्सुलिन कमी लागतं, तेच तीन जिने चढायला अॅड्रिनलिन कमी सुटतं. म्हणून 'कुठलं हॉर्मोन वाढवू' हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. त्यापेक्षा आपल्या वयात कुठल्या हॉर्मोनचं काम अडतंय ते बघा, कारण बावीस वर्षांच्या मुलीचा प्रॉब्लेम आणि बासष्ट वर्षांच्या काकांचा प्रॉब्लेम एकदम उलटा असू शकतो, आणि दोघांना एकच सल्ला दिला तर एकाचं नुकसान होणार.

स्टेप १: सुरुवात करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा

एक, कंबर. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा, श्वास सोडा आणि मोजा, पोट आत ओढू नका, कोणी बघत नाहीये. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही लक्ष्मणरेषा धरतात. वजनापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे, कारण पोटातली चरबी थेट इन्सुलिनच्या कामात खोडा घालते.

दोन, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी. एचबीएवनसी साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे पंधरा दिवस चालून परत टेस्ट करण्यात काही अर्थ नाही.

तीन, बायकांनी पाळीच्या तारखा. मोबाईलवर किंवा कॅलेंडरवर, कुठेही, पण लिहा.

चार, चालू असलेल्या गोळ्यांची यादी. ही कशाला ते पुढे येईलच. छातीत दुखणं, चालताना चक्कर, आधीचा हार्टचा त्रास किंवा डायबेटीसमुळे डोळ्यांचा-पायांचा त्रास असेल तर ही यादी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, मग बूट घाला.

टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन असं मोठं 'हॉर्मोन पॅनेल' सगळ्यांनी करायची काही गरज नाही. लक्षणं असतील आणि डॉक्टरांनी सांगितलं तर करा, नाहीतर तेवढ्या पैशात चांगले बूट येतील.

स्टेप २: जोर किती लावायचा ते ठरवा

ही पायरी लोक सर्रास सोडतात आणि मग सहा महिने बागेत रमतगमत फिरून म्हणतात काही फरक नाही. सगळ्यात सोपी टेस्ट: चालताना बोलता यायला हवं पण आरती म्हणता यायला नको. फोनवर गप्पा रंगल्या असतील तर तुम्ही हळू चालताय. एकेक शब्दावर धाप लागत असेल तर तो जोराचा व्यायाम झाला. मोजायचंच असेल तर मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम वेग, हे मोबाईल खिशात टाकूनही मोजता येतं.

घड्याळात पल्स दिसत असेल तर वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा, तो तुमचा अंदाजे कमाल हार्ट रेट. मध्यम व्यायाम म्हणजे त्याच्या ६४ ते ७६ टक्के. तिशीत हे १२० ते १४२ येतं, पन्नाशीत १११ ते १३१, सत्तरीत १०२ ते १२१. आता गोळ्यांची यादी काढा. त्यात मेटोप्रोलोल किंवा अॅटेनोलोलसारखी बीटा ब्लॉकर (बीपी-हार्टची गोळी) असेल तर हे गणित विसरा, ती गोळी पल्स दाबूनच ठेवते, तुम्ही आकडा गाठायला धावत सुटाल आणि आडवे व्हाल. तुमच्यासाठी आरतीची टेस्टच बरी.

हॉर्मोनच्या दृष्टीने हा जोर का महत्त्वाचा? हळू चालण्याने कॉर्टिसॉल वाढत नाही, उलट थोडं उतरतं. मध्यमच्या वर गेलात की ते वाढायला लागतं. ग्रोथ हॉर्मोन चांगलं सुटायला तर धाप लागेल असा किमान दहाएक मिनिटांचा व्यायाम लागतो, आणि ते सुद्धा वयाप्रमाणे कमी कमी होत जातं, साठीतल्या माणसाने पंचविशीतल्या पोराइतकाच जीव काढला तरी तेवढं सुटत नाही. पण परत सांगतो, त्याच्या मागे लागू नका. व्यायामातलं कॉर्टिसॉल वाढणं हे काम चालू असल्याचं लक्षण आहे, ते नंतर उतरतं. 'कॉर्टिसॉलमुळे पोट सुटतं म्हणून कार्डिओ करू नका' असं सांगणाऱ्यांना विचारा की बाबा रात्री दीडपर्यंत मोबाईल बघण्याचं काय.

स्टेप ३: आठवडा बसवा

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला सरळ आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. सुरुवात करणाऱ्याने यातलं काहीही पहिल्या आठवड्यात गाठायला जाऊ नये. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं, जेवणानंतर. दर आठवड्याला प्रत्येक वेळेत दोन-तीन मिनिटं वाढवा. महिना झाला आणि गुडघे कुरकुरत नसतील तर मग आठवड्यात एक-दोनदा मध्येमध्ये एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश असं सहा वेळा करा.

एक नियम मात्र मोडू नका: सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. याचं कारण इन्सुलिनमध्ये आहे. एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरायला इन्सुलिन लागतं, पण स्नायू आकुंचन पावत असतो तेव्हा साखर आत घेणारी वाहक प्रथिनं इन्सुलिनशिवायच पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि व्यायाम थांबल्यावरही पुढचे एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस, स्नायू इन्सुलिनचं नीट ऐकतो. मग ते ओसरतं. त्यामुळे आषाढात वारी केली की वर्षभराचं पुण्य पदरात पडत असेलही, पण वारीत चाललेल्याचा इन्सुलिनवरचा परिणाम पंढरपूरहून घरी येऊन आठवडाभर आराम केला की गेलाच.

शतपावलीबद्दल एक. कल्पना शंभर नंबरी, पण खरोखर शंभर पावलं मोजली तर एका मिनिटात संपते. तिला दहा-पंधरा मिनिटांची करा. साठीपुढच्या, शुगर वाढण्याचा धोका असलेल्या लोकांवर २०१३ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालण्याचा रात्रीच्या जेवणानंतरच्या शुगरवर सगळ्यात चांगला परिणाम दिसला, एकदम पंचेचाळीस मिनिटं चालण्यापेक्षाही.

पटत नसेल तर घरी करून बघा. ग्लुकोमीटर आणि दोन स्ट्रिपा. पहिल्या रात्री दोन भाकऱ्या, पिठलं, वाटीभर भात खा, सोफ्यावर बसा, पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी मोजा. दुसऱ्या रात्री तेच, तेवढंच, त्याच वेळेला खा, ताट उचलून ठेवलं की पंधरा मिनिटं सोसायटीत चालून या, परत पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. बोट साबणाने धुऊन कोरडं करायचं, नाहीतर बोटाला लागलेला गूळ मोजला जाईल. दोन आकडे शेजारी लिहून फ्रिजवर चिकटवा. घरातल्या ज्याला चालायला न्यायचंय त्याला दहा लेख पाठवण्यापेक्षा हे जास्त चालतं.

स्टेप ४: आता आपापलं वय बघा

विशी-पंचविशी. इथे इन्सुलिन बहुतेकांचं ठीक असतं, प्रश्न येतो कमी खाण्याचा. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींकडे बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, पहाटे ग्राउंडवर, पोटात चहा आणि फार तर दोन बिस्किटं, दुपारी मेसचा डबा अर्धा, संध्याकाळी परत ग्राउंड. शरीराचा हिशोब साधा असतो, खर्च जास्त आणि जमा कमी झाली की ते आधी प्रजननाचं खातं बंद करतं. मेंदूतून अंडाशयाकडे जाणारे सिग्नल मंदावतात, इस्ट्रोजेन पडतं, पाळी लांबते आणि मग थांबते. मुलींना वाटतं बरंच झालं कटकट गेली, कोच पण काही विचारत नाही. पण इस्ट्रोजेन पडलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात, नडगीत बारीक फ्रॅक्चर होतात आणि भरतीच हातची जाते. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या प्रकाराला रेड-एस असं नाव दिलं आणि त्यात पुरुषही धरले, कारण खूप पळून कमी खाणाऱ्या मुलांचं टेस्टोस्टेरॉनही पडतं.

मग करायचं काय? पळण्याआधी केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू. पळून आल्यावर तासाभरात खरं जेवण, म्हणजे पोळी-उसळ-दही किंवा अंडी-भाकरी. उपासाच्या दिवशी लांब पल्ला पळू नका, साबुदाण्यावर प्रोटीनचं भागत नाही. पाळी सलग तीन महिने आली नाही तर प्रॅक्टिस कमी करून डॉक्टर गाठा, 'पळणाऱ्या मुलींचं असंच असतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

याच वयात पीसीओएस (अंडाशयाचा हॉर्मोनचा विकार) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याच जणींचं इन्सुलिन जास्त असतं, ते अंडाशयाला पुरुषी हॉर्मोन बनवायला चिथावतं, त्यातून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. इथे एरोबिक व्यायाम मुळावरच काम करतो, आणि वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. वजन काटा हलला नाही तरी इन्सुलिन सुधारत असतं, म्हणून काट्याकडे बघून सोडून देऊ नका. सडपातळ असाल तर उपाशी राहायचं नाही, फक्त हलायचं.

तिशी-चाळिशी. हा सगळ्यात दुर्लक्षित गट, कारण कोणालाच काही होत नसतं. ऑफिस, ट्रॅफिक, पोरांचे क्लास, आणि 'मी कुठे जाडा आहे'. यावर पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. २००४ मध्ये दोघांनी हे स्वतःच्या फोटोसकट लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. वरून बारीक, आतून चरबी, हा आपला साचा आहे, म्हणून आपल्याकडे डायबेटीस कमी वजनावर आणि लवकर येतो. त्यामुळे या वयात लक्ष एकट्या इन्सुलिनवर ठेवा, बाकी हॉर्मोन्सची चिंता नंतर.

ज्यांची शुगर सीमारेषेवर आली आहे त्यांच्यासाठी पुरावा अगदी भक्कम आहे. अमेरिकेत २००२ मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी, हे लक्ष्य दिलेल्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. चेन्नईत भारतीयांवर झालेल्या, २००६ मध्ये आलेल्या चाचणीत खाणंपिणं आणि व्यायाम बदलून ही घट साडेअठ्ठावीस टक्के होती. कमी आहे, पण ती आपल्या लोकांवरची आहे, म्हणून मला जास्त विश्वासाची वाटते.

वेळ मिळत नाही हे मान्य. मग एक स्टॉप आधी उतरा, जेवणाच्या सुट्टीत डबा झाल्यावर दहा मिनिटं, घरी लिफ्टऐवजी जिना. तुकड्या-तुकड्याने झालेली मिनिटंही जमेला धरतात.

चाळिशीनंतरचे पुरुष. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का उतरतं, ही काही दुर्घटना नाही. पोट सुटलं की ते त्याहून जास्त उतरतं, आणि पोट कमी केलं की बरंचसं परत येतं. म्हणजे व्यायामाने वाढतं ते असं, आडवळणाने. उलट चाळिशीत मॅरेथॉनचं वेड लागून रोज ढोरासारखं पळणाऱ्या काही जणांचं ते पडलेलं सापडतं. सतत थकवा, चिडचिड, इच्छा कमी, आणि पळण्याचं टाइमिंग सुधारायच्या ऐवजी बिघडतंय असं असेल तर किलोमीटर कमी करून बघा. आणि झोप! रात्री साडेबाराला झोपून साडेचारला अलार्म लावून फिरायला जाण्यात कसलं आलंय शौर्य, तरुण मुलांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के घसरलं होतं. अशा वेळी संध्याकाळी चाला. जिममध्ये कोणी इंजेक्शन सुचवलं तर एवढं लक्षात ठेवा की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की वृषणं स्वतःचं काम थांबवतात, शुक्राणू बनणंही.

पाळी जाण्याच्या आसपास. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते. इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, इन्सुलिनचं काम बिघडतं, झोप मोडते. 'खाणं तेच आहे तरी पोट सुटतंय' ही तक्रार खोटी नसते, हे घरच्यांनी पण वाचा. इथे चालण्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते स्पष्ट असू दे: शुगर, बीपी, झोप, मूड यांना फायदा आहे. अंगातून वाफा येणं मात्र चालल्याने थांबेलच असं नाही, त्याबाबतचे निकाल उलटसुलट आहेत, त्रास जास्त असेल तर डॉक्टरांकडे दुसरे उपाय असतात, ते मागा. इस्ट्रोजेन परत वाढवणं हे व्यायामाचं काम नाहीच, किंबहुना पाळी गेल्यावर शरीरात जे थोडं इस्ट्रोजेन बनतं ते मुख्यतः चरबीत बनतं, जास्त असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि व्यायामाने चरबी उतरली की ते कमी होतं, जे हवंच आहे. हाडांसाठी पोहणं-सायकल पुरत नाही, नुसतं चालणंही तोकडं पडतं. जिने चढा, आणि आठवड्यात दोन दिवस डंबेल, नाहीतर पाण्याच्या बाटल्या उचला, बसून-उठून बैठका काढा.

साठीनंतर. 'आता या वयात काय फरक पडणार' हे वाक्य आधी फेका. मघाची जी अमेरिकेतली चाचणी, त्यात सगळ्यात जास्त फायदा साठीपुढच्यांनाच झाला, ७१ टक्के. पण सावधगिरीही इथेच जास्त लागते. इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी शुगर बघा. ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. खिशात साखर किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली की तिथेच थांबून तीन चमचे साखर तोंडात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या वर आलं की मगच घरी. नेहमीपेक्षा जास्त चाललात तर शुगर रात्री झोपेत पण उतरू शकते, म्हणून त्या दिवशी झोपताना एकदा बघा. चालण्याच्या आधी इन्सुलिन मांडीत टोचू नका, चालणाऱ्या पायातून ते भराभर शोषलं जातं, पोटावर घ्या. चपला घालून लांब चालायचं नाही, आल्यावर तळपाय बघायचे. आणि आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम, ओट्याला हात धरून एका पायावर उभं राहणं वगैरे. शुगर सुधारली आणि बाथरूममध्ये पडून खुबा मोडला तर काय उपयोग.

थायरॉईडवाल्यांसाठी, वय कुठलंही असो. चालण्याने थायरॉईडची गोळी सुटत नाही, तसं सांगणाऱ्यापासून लांब राहा. पण सकाळचं चालणं गोळीच्या वेळेला छान बसतं: उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, मग बूट, अर्धा-पाऊण तास चालून या आणि मग चहा. गोळी आणि चहा यात जे अंतर लागतं ते आपोआप पडतं.

स्टेप ५: परत मोजा, पण नीट मोजा

कंबर महिन्यातून एकदा, त्याच जागी. एचबीएवनसी तीन महिन्यांनी. डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध बनवायला लावणारं हॉर्मोन) किंवा टेस्टोस्टेरॉन सांगितलं असेल तर आदल्या दिवशी जोराचा व्यायाम करू नका आणि लॅबमध्ये धावतपळत जाऊ नका, प्रोलॅक्टिन नुसत्या व्यायामाने आणि ताणाने वाढलेलं दिसतं आणि मग विनाकारण मेंदूच्या एमआरआयपर्यंत प्रकरण जातं. टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत एकदा, एका रिपोर्टवर काही ठरवू नका. कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि मध्यरात्री कमी असतं, त्यामुळे संध्याकाळचा आकडा सकाळच्या रेंजशी लावून घाबरू नका.

तीन महिन्यांत शुगर वारंवार ७०-८० च्या घरात यायला लागली तर गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, चाललात किती, असं वहीत लिहिलेलं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डोस कमी करायचा का विचारा. नुसतं 'आता बरं वाटतंय' सांगण्यापेक्षा ती वही दाखवली तर त्यांना निर्णय घेणं फार सोपं जातं.